लिंकांच्या यादीतल्या नांग्या कशा शोधायच्या: लिची टूल, अगदी पहिल्यापासून

पऱ्हाटी पेरली की आठ-दहा दिवसांनी आपण तासातासानं चालत पाहतो, कुठं बी उगवलंच नाही, कुठं वाणीनं खाल्लं, अन् तिथं नांग्या भरतो. धुऱ्यावरून पाहिलं तर सगळं वावर हिरवंच दिसते, आत शिरल्याशिवाय कळत नाही. लिंकांच्या यादीचं पण असंच असते, वरून सगळ्या निळ्या निळ्या दिसतात, कोणती मेली ते दाबल्याशिवाय समजत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात वाचनालय सांभाळते, सोबत अभ्यासिका पण आहे. आमच्याकडे कास्तकारांसाठी अन् शिकणाऱ्या पोरापोरींसाठी एक यादी आहे, सातबारा कुठं पाहायचा, पीकविमा, शिष्यवृत्ती, बाजारभाव, हवामान, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे सल्ले, असं करत करत तीनशेच्या वर लिंका झाल्या. मागच्या वर्षी त्यातली शिष्यवृत्तीची एक लिंक मेली होती अन् मला पत्ताच नव्हता. एका पोरीनं ती दाबली, पान सापडत नाही असं आलं, तिला वाटलं फॉर्मची तारीख गेली, ती गप्प बसली. फॉर्म चालू होता, फक्त पत्ता बदलला होता. मला कळलं तोवर तारीख खरंच निघून गेली होती. ते अजून मनातून गेलं नाही, अन् त्याच आठवड्यात मी हे टूल शिकायला बसली.

लिंका मरतात हे काही आपल्याच गावचं नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये अभ्यास छापला, त्यात २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांवर संदर्भात एक तरी मेलेली लिंक सापडली. तिथं रोज सुधारणारे एवढे लोक असून ही गत, तर आपण एकदा बनवून भिंतीला चिकटवलेल्या यादीचं काय होत असेल ते पाहा.

टूल काय आहे

नाव आहे लिची, आपण खातो ते फळच. स्पेलिंग एल वाय सी एच ई ई. फुकट आहे, ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, रस्ट नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे म्हणून लय फास्ट चालते, शंभराच्या वर लिंका एकाच वेळी तपासू शकते. काम एकच, तुम्ही फाइल द्या किंवा वेबसाइटचा पत्ता द्या, ती त्यातल्या सगळ्या लिंका गोळा करते, एकेकीचं दार वाजवते अन् कोण उघडलं, कोण नाही ते सांगते.

यात बटणं-बिटणं काही नाहीत, काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची. त्याला घाबरू नका, मी बीए मराठी आहे अन् मला जमलं. खिडकीला टर्मिनल म्हणतात, विंडोजमध्ये पॉवरशेल उघडा तेच ते.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. खाली कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवर कोणाला सांगतो तशा. टाइप करताना त्याच शब्दांचं इंग्रजी स्पेलिंग छोट्या अक्षरात टाकायचं, डॅश, टिंब अन् स्पेस जशाच्या तशा. दोन डॅश लागून आले तर दोनच टाका, मधे स्पेस नाही. जिथं स्पेलिंग अडेल तिथं मी फोडून सांगते.

इन्स्टॉल

आमच्या अभ्यासिकेत लॅपटॉप एकच आहे अन् तो पण दुपारी लाइन गेली की बंद, म्हणून मी आधी फोनवरच शिकली. अँड्रॉइड फोन असेल तर टर्मक्स नावाचं अॅप घ्या, एफ-ड्रॉइडवरून घ्या, ते प्ले स्टोरसारखंच ओपन सोर्स अॅपचं दुकान आहे. उघडलं की काळी खिडकी येते, तिच्यात हे एकामागून एक,

पीकेजी अपडेट
पीकेजी इन्स्टॉल लिची
टर्मक्स-सेटअप-स्टोरेज

पीकेजी म्हणजे पी, के, जी तीन अक्षरं. मधात हो का नाही विचारलं तर वाय दाबून एंटर. तिसऱ्या कमांडनं टर्मक्सला तुमच्या फोनमधल्या फायली पाहायची परवानगी मिळते, ती द्या, नाहीतर डाउनलोडमधली फाइल त्याला दिसणारच नाही, माझे पहिले दोन तास यातच गेले.

विंडोजवर,

विंगेट इन्स्टॉल --आयडी लिचीव्हर्स.लिची

लिचीव्हर्स म्हणजे लिचीला लागून युनिव्हर्समधला व्हर्स. विंगेट म्हणजे अॅप बसवून देणारी कमांड, विंडोज १० अन् ११ वर ती बहुतेक असतेच. मॅक असेल तर ब्रू इन्स्टॉल लिची, त्याला आधी होमब्रू बसवलेलं लागते. झालं की पॉवरशेल एकदा बंद करून परत उघडा अन् हे टाका,

लिची --व्हर्जन

नंबर आला म्हणजे बसलं. कमांड सापडत नाही असं आलं तर आधी स्पेलिंग पाहा, दहातल्या नऊ वेळा शेवटचा एक ई राहिलेला असते.

आधी यादी नीट करा

लिचीला साधी टेक्स्ट फाइल चालते, मार्कडाउन चालते, एचटीएमएल चालते. सुरुवातीला नोटपॅडमध्ये यादी.टीएक्सटी करा (फाइलचं नाव इंग्रजी अक्षरात अन् मधात स्पेस नको), एका ओळीवर कामाचं नाव अन् पुढं लिंक. लिंक पूर्ण पाहिजे, सुरुवातीला एचटीटीपीएस सकट. नुसतं साइटचं नाव लिहिलं तर माणसाला समजते, टूल ते सोडून देऊ शकते, अन् सोडलेली लिंक मेली तरी तुम्हाला कळणार नाही.

मग त्या फोल्डरमध्ये जा, सीडी स्पेस अन् फोल्डरचं नाव. फोनवर डाउनलोड फोल्डर असा,

सीडी स्टोरेज/डाउनलोड्स

अन् आता लगेच तपासायला सुटू नका. आधी हे,

लिची --डंप यादी.टीएक्सटी

डंप म्हणजे नुसतं दाखव, दार वाजवू नको. तिला फाइलमध्ये ज्या लिंका दिसल्या त्या सगळ्या छापून येतील. आता मोजा. माझ्या यादीत ३१२ होत्या अन् डंपमध्ये २८७ आल्या, म्हणजे २५ लिंका तिला दिसतच नव्हत्या. काही अर्ध्या कॉपी झालेल्या, काहींच्या मधात कोणीतरी एंटर मारलेला, काहींत एचटीटीपीएसच नव्हतं, काही दोनदा होत्या. नवीन लोक हीच पायरी सोडतात अन् मग सगळं ठीक आहे म्हणून निवांत राहतात, पण जी लिंक मोजलीच नाही ती ठीक कशी म्हणायची.

पहिली तपासणी

लिची यादी.टीएक्सटी

एवढंच. खाली पट्टी सरकत जाईल, शेवटी हिशेब येईल, एकूण किती, ओके किती, एरर किती. चुकलेल्या लिंका एकेका ओळीवर येतात, पुढं चौकोनी कंसात नंबर किंवा शब्द.

पण थांबा, गावात बसून हे चालवलं तर पहिल्यांदा भीती वाटेल इतक्या एरर येतात. माझ्या २८७ पैकी ९० च्या वर लाल आल्या होत्या, मी डोक्याला हात लावून बसली. खरी गोष्ट अशी की लिची मुळात एकाच वेळी १२८ लिंकांचं दार वाजवते, एकेकीसाठी २० सेकंद थांबते. शहरातल्या फायबरला ते ठीक आहे. आपल्याकडे टॉवर एक, दोन कांडी रेंज, त्यात संध्याकाळी सगळं गाव व्हिडिओ पाहून राहिलं, तिथं १२८ विनंत्या एकदम सोडल्या की निम्म्या वाटेतच अडकतात अन् टूल म्हणते टाइमआउट. लिंक जिवंत आहे, आपलं नेट मेलं. म्हणून गावातून असं चालवा,

लिची --मॅक्स-कॉन्करन्सी ४ --टाइमआउट ६० --मॅक्स-रिट्राइज ३ यादी.टीएक्सटी

कॉन्करन्सीचं स्पेलिंग सी ओ एन सी यू आर आर ई एन सी वाय, दोन आर आहेत. रिट्राइज म्हणजे आर ई टी आर आय ई एस. आकडे इंग्रजी टाका. अर्थ असा की चारच दारं एका वेळी वाजव, एक मिनिट वाट पाहा, नाही उघडलं तर अजून तीनदा जाऊन पाहा. वेळ लागते, लागू द्या. मी पहाटे साडेपाचला लावते, तेव्हा रेंज मोकळी असते अन् लाइन पण असते. त्याच यादीत मग ९० च्या जागी ३८ लाल आल्या.

दरवेळी एवढं टाइप करायचा कंटाळा येईल तर त्याच फोल्डरमध्ये लिची.टॉमल नावाची फाइल करा, टॉमल म्हणजे टी ओ एम एल, अन् तिच्यात तीन ओळी,

मॅक्स_कॉन्करन्सी = ४
टाइमआउट = ६०
मॅक्स_रिट्राइज = ३

इथं डॅशच्या जागी खालची आडवी रेघ येते, अंडरस्कोर, हे लक्षात ठेवा, बाकी लिची स्वतःच फाइल शोधून वाचते.

लाल म्हणजे मेलीच असं नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं, अन् इथं घाई केली तर चांगल्या लिंका पण यादीतून उडवून बसाल. कंसातला आकडा सर्व्हरचं, म्हणजे साइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवली आहे त्याचं, उत्तर असते, ते वाचायला शिका.

४०४ म्हणजे सर्व्हर आहे, दारापर्यंत गेलो, पण हे पान इथं नाही. बहुतेक वेळा पान हललेलं असते, साइट नवीन केली की जुने पत्ते सगळे तुटतात, खास करून पीडीएफचे. ४१० म्हणजे मुद्दाम काढून टाकलं, परत येणार नाही. हे दोन आले तर लिंक खरंच गेली समजा, तरी एकदा ब्राउझरमध्ये उघडून पाहाच.

४०३ म्हणजे मनाई. लय साइटा टूलला ओळखतात अन् आत येऊ देत नाहीत, माणसाला येऊ देतात. ब्राउझरमध्ये उघडली तर लिंक चांगली आहे, हात लावू नका. ४२९ म्हणजे लय वेळा आलात, थोडं थांबा. ५०० अन् ५०३ म्हणजे सर्व्हरचं स्वतःचंच बिघडलं किंवा त्याच्यावर लोड आला, शिष्यवृत्तीच्या अन् विम्याच्या शेवटच्या तारखेला हे हमखास दिसते, दोन दिवसांनी परत तपासा.

टाइमआउट आला तर आधी स्वतःचं नेट पाहा. डीएनएसची एरर म्हणजे त्या नावाची साइटच सापडली नाही, यात एक तर तुमच्या टायपिंगची चूक, नाहीतर साइटवाल्यानं नाव नूतनीकरण केलं नाही. हा दुसरा प्रकार धोक्याचा आहे, कारण सोडून दिलेलं नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो अन् तिथं काहीही टाकू शकतो, त्यामुळं अशी लिंक यादीतून त्याच दिवशी काढा, उद्यावर नका टाकू.

सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या कुलपाची, एरर येते तेव्हा लोक इंटरनेटवर वाचून --इन्सिक्युअर लावतात, म्हणजे कुलूप तपासूच नको. मी लावत नाही. ज्या पानावर लोक आधार नंबर अन् बँक खातं भरणार त्याचं कुलूप बिघडलेलं असेल तर ते मला कळायलाच पाहिजे. ब्राउझरमध्ये बिनइशाऱ्याची उघडली तर बहुतेक त्यांच्या सर्व्हरवर मधलं सर्टिफिकेट लावायचं राहिलं असते, तशी नोंद करून ठेवते अन् पुढच्या वेळी परत पाहते.

माझ्या त्या ३८ पैकी हातानं उघडल्यावर १७ चांगल्या निघाल्या. खरंच मेलेल्या २१.

हिरवी म्हणजे बरोबरच असं पण नाही

हे मला लय उशिरा समजलं. काही साइटा जुनं पान काढलं की ४०४ सांगतच नाहीत, तुम्हाला गुपचूप मुख्य पानावर नेऊन सोडतात अन् वरून २०० म्हणतात, म्हणजे सगळं ठीक. लिची २०० पाहते अन् हिरवं करते. माणूस मात्र विम्याची लिंक दाबते अन् समोर मंत्र्यांचे फोटो येतात, फॉर्म कुठं आहे तेच सापडत नाही. टूलला अर्थ समजत नाही, दार उघडलं का एवढंच समजते.

याला माझा उपाय असा, तीनशेतल्या सगळ्या नाही पण ज्यांच्यावर कोणाचा पैसा किंवा वर्ष अवलंबून आहे अशा १५ लिंका मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या, महत्त्वाच्या.टीएक्सटी, अन् त्या दर महिन्याला टूलनं तपासून झाल्या तरी हातानं उघडते, फॉर्म दिसतो का पाहते. पंधराला वीस मिनिटं लागतात. एखादी लिंक कुठून कुठं जाऊन राहिली ते पाहायचं असेल तर कर्ल नावाची कमांड आहे,

कर्ल -आय -एल अन् पुढं लिंक

इथं आय अन् एल दोन्ही मोठी अक्षरं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये कर्लच्या जागी कर्ल.ईएक्सई लिहा, नाहीतर एरर येते. लोकेशन असं लिहिलेल्या ओळी पाहा, प्रत्येक ओळ म्हणजे एक वळण. सुरुवातीला ३०१ दिसला तर पत्ता कायमचा बदलला, यादीत सरळ नवा पत्ता टाकून द्या, कारण जुनं वळण उद्या बंद होऊ शकते. ३०२ म्हणजे तात्पुरतं, जुनाच पत्ता राहू द्या.

काही लिंका तपासायच्याच नसतील तर

ज्या लिंका ब्राउझरमध्ये उघडतात पण टूलला दरवेळी ४०३ देतात त्या सोडायला सांगता येते. .लिचीइग्नोर नावाची फाइल करा, नावाच्या आधी टिंब आहे, एका ओळीवर एक. पण इथं सांभाळून, या ओळी पॅटर्न म्हणून वाचल्या जातात. साइटचं अर्धवट नाव टाकलं तर ते अक्षर ज्या ज्या लिंकेत येईल त्या सगळ्या सुटतात. मी एकदा नुसतं कृषी असं इंग्रजीत टाकलं होतं, एका साइटसाठी, अन् शेतीच्या सगळ्याच लिंका तपासणीतून बाहेर गेल्या, दोन महिने मी हिरवा हिशेब पाहून खूश. म्हणून तिथं पूर्ण लिंक लिहा, अन् दर तीन महिन्यांनी ती फाइल रिकामी करून एकदा सगळं तपासा.

मेलेली लिंक सापडली, आता काय

नुसती खोडू नका. त्या ओळीचं काम काय होतं ते पाहा, त्याच साइटवर शोधा, बहुतेक वेळा पान दुसऱ्या मेनूत सापडते. नाहीच सापडलं तर लिचीला असं विचारा,

लिची --सजेस्ट यादी.टीएक्सटी

ती इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पाहून जुनी जपलेली प्रत असेल तर तिची लिंक सुचवते. सोयाबीनवरच्या खोडमाशीचं माहितीपत्रक, जुना शासन निर्णय, असं वाचायचं काही असेल तर ही प्रत चालते, यादीत तिच्यापुढं जुनी प्रत असं लिहा. फॉर्मसाठी मात्र चालत नाही, आर्काइव्हमधला फॉर्म कुठंच जमा होत नाही, अन् कोणी भरून बसलं तर त्याची तारीख जाईल. औषधांच्या फवारणीची शिफारस पण जुन्या प्रतीवरून देऊ नका, शिफारशी बदलतात, काही कीटकनाशकांवर नंतर बंदी आलेली असते.

वर्ड, पीडीएफ, एक्सेल अन् व्हॉट्सअॅप

आपल्याकडे अर्धी कागदं वर्डमध्ये असतात अन् लिची वर्डची फाइल सरळ वाचत नाही. पँडॉक नावाचं टूल टाका (फोनवर पीकेजी इन्स्टॉल पँडॉक), मग

पँडॉक माहिती.डॉक्स -टी मार्कडाउन | लिची -

मधली उभी रेघ म्हणजे पाइप, एकाचं पाणी दुसऱ्याच्या सरीत, अन् शेवटचा एकटा डॅश म्हणजे फाइल नको शोधू, जे येऊन राहिलं तेच वाच. डॉक्सचं स्पेलिंग डी ओ सी एक्स. पीडीएफला असंच पीडीएफटूटेक्स्ट आहे, पण पीडीएफमध्ये लांब लिंक दोन ओळींत तुटते अन् मग टूल अर्धी लिंक तपासून ४०४ देते, म्हणून तिथं आलेली प्रत्येक एरर डोळ्यांनी पाहा. एक्सेलची शीट कॉमावाली सीएसव्ही करून दिली तर कॉमा अन् पुढचे शब्द लिंकेला चिकटू शकतात, लिंकेचा कॉलम शेवटी ठेवा, काम होते.

व्हॉट्सअॅपचं मला जास्त बोलायचं आहे. गावच्या ग्रुपवर योजनांच्या लिंका रोज येतात, मोफत शिलाई मशीन, मोफत लॅपटॉप, कर्जमाफीची यादी. ग्रुपमध्ये एक्सपोर्ट चॅट, मीडियाशिवाय, केलं की टेक्स्ट फाइल मिळते. तिच्यावर फक्त --डंप चालवा. सगळ्या लिंका एकाखाली एक आल्या की नकली चटकन ओळखू येतात, सरकारी साइटचं मुख्य नाव बहुतेक .गव्ह.इन किंवा .एनआयसी.इन वर संपते, आधीच्या टिंबासकट, म्हणजे एचटीटीपीएसच्या मागच्या दोन रेघा सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी शेवटी हे असते. गव्ह हा शब्द मधातच कुठंतरी घुसवलेला असेल अन् शेवटी दुसरंच काही, तर ती लिंक कोणाला देऊ नका. अशा लिंकांवर लिची तपासणीसाठी सोडू पण नका, डंपच बस, कारण नकली लिंक एकदम जिवंत असते अन् टूल तिला ओके म्हणेल. अन् त्या फाइलमध्ये सगळ्यांचे नंबर अन् बोलणं असते, काम झालं की डिलीट करा, कोणाला पाठवू नका.

पूर्ण वेबसाइट तपासायची असेल तर

लिचीला वेबसाइटचा पत्ता दिला तर ती त्या एका पानावरच्या लिंका तपासते, आत आत शिरत नाही. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची वीस-तीस पानांची साइट असेल तर लिंकचेकर नावाचं दुसरं टूल आहे, पायथन भाषेतलं, आधी पायथन बसवलेलं असेल तर पिप इन्स्टॉल लिंकचेकर करून मिळते, ते एका पानावरून दुसऱ्यावर स्वतः फिरत जाते. बाहेरच्या साइटांच्या लिंका पण तपासायच्या असतील तर --चेक-एक्सटर्न लावावं लागते, नाहीतर ते घरातल्याच पाहते. दुसऱ्याच्या साइटवर मात्र हे सोडू नका, त्यांचा सर्व्हर लहान असेल तर उगाच लोड येते.

साइटच्या फायली तुमच्याच लॅपटॉपवर असतील तर लिची --ऑफलाइन अन् पुढं एक टिंब, म्हणजे हा सगळा फोल्डर. यात नेट लागत नाही, फक्त फाइलीतून फाइलीत जाणाऱ्या लिंका तपासल्या जातात, लाइन गेली अन् बॅटरी असली तरी काम होते. एक अडचण, विंडोजमध्ये फाइलच्या नावात अक्षर मोठं का छोटं यानं फरक पडत नाही, सर्व्हरवर बहुतेक पडतो. म्हणून लॅपटॉपवर चालणारी लिंक साइटवर टाकल्यावर मरते. मी सगळी नावं छोट्या अक्षरातच ठेवते, प्रश्नच मिटला.

अजून एक, काही साइटांवरच्या लिंका जावास्क्रिप्टनं, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडनं, मागून तयार होतात, लिची जावास्क्रिप्ट चालवत नाही. एवढी मोठी साइट अन् एकूण शून्य लिंका असं आलं तर हेच कारण.

दर महिन्याला

मी महिन्याच्या पहिल्या रविवारी करते अन् निकाल फाइलीत ठेवते,

लिची --आउटपुट जून.टीएक्सटी यादी.टीएक्सटी

मागच्या महिन्याची फाइल शेजारी उघडली की नवीन काय मेलं ते लगेच दिसते. वर सांगितलेल्या डीएनएसवाल्या लिंका त्याच दिवशी काढते, बाकीच्यांत जी लिंक दोन महिने लागोपाठ लाल आहे अन् हातानं पण उघडत नाही तीच मी बदलते किंवा काढते. एका दिवशी परत परत चालवायचं असेल तर --कॅश लावा, तपासलेली लिंक एक दिवस लक्षात राहते, डेटा वाचते.

कॉम्प्युटर शिकलेली पोरं म्हणतात की हे गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, लावून द्या, आपोआप होईल. होते पण, लिचीनं चूक सापडली की शेवटी २ हा आकडा परत दिलेला असते, त्यावरून मशीनला कळते. मी लावून पाहिलं होतं. अडचण ही की ती तपासणी परदेशातल्या सर्व्हरवरून होते अन् आपल्याकडच्या काही सरकारी साइटा भारताबाहेरून उघडतच नाहीत. इथं फोनवर धडधडीत चालणाऱ्या लिंका तिथं लाल. आपल्या लोकांना जिथून उघडायची आहे तिथूनच तपासलेली बरी, म्हणून मी परत फोनवर आली.

भिंतीवरच्या क्यूआर कोडचं

शेवटचं हे, कारण यात टूल मदत करत नाही. आम्ही पंचायतीच्या भिंतीवर, रेशन दुकानात, शाळेत योजनांचे क्यूआर कोड छापून लावले होते, प्रत्येकात त्या त्या फॉर्मची सरळ लिंक, काहींत लिंक छोटी करणाऱ्या सेवेची. फाइलमधली लिंक दोन मिनिटांत बदलते, भिंतीवरचा कोड बदलायला परत छापा, परत चिकटवा. छोट्या लिंकांचं तर अजून वेगळं, ती सेवाच बंद झाली की पान जिवंत असून रस्ता मरतो. गूगलनं आपली गू.जीएल सेवा बंद करायचं २०१८ मध्ये सांगितलं, मार्च २०१९ च्या शेवटी नवीन लिंका बनणं थांबलं अन् ऑगस्ट २०२५ मध्ये बिनवापराच्या जुन्या लिंका बंद केल्या. कुठंतरी बोर्डवर छापून ठेवलेली अन् वर्षभर कोणी न दाबलेली लिंक त्यातच गेली असणार.

आता आमच्या गावात सगळ्या भिंतींवर एकच कोड आहे, तो आमच्या यादीच्या पानावर नेतो, अन् पुढं कुठं जायचं ते यादीत. फॉर्मचा पत्ता बदलला तर मी यादीत बदलते, भिंतीला हात लावायची गरज नाही. त्या पानाची लिंक महत्त्वाच्या.टीएक्सटी मध्ये पहिल्या ओळीवर टाकली आहे. कोडच्या खाली पेननं वाचनालयाची वेळ लिहिली आहे, सकाळी ८ ते ११, म्हणजे लिंक उघडली नाही तर फॉर्म बंद झाला असं समजून कोणी घरी जाणार नाही, येऊन विचारेल.